माउस आपल्याच हातात ठेवा : मोठ्या वयात कॉम्प्युटरच्या वर्गाला जाताना

"दे इकडे, मी करून देतो." माझ्या वर्गात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने घरी हे वाक्य ऐकलेलं असतं. मुलगा, सून, नातू, शेजारी, कोणीतरी मदतीला येतं, भराभर चार ठिकाणी क्लिक करतं, काम होऊन जातं आणि शिकायचं तेवढं राहतं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मी एका सामुदायिक शिक्षण केंद्रात मोठ्या माणसांचा संध्याकाळचा कॉम्प्युटर वर्ग घेते. सुरुवातीला मीही हेच करायचे. वर्गात पंधरा जण, हाताशी तास-दीड तास, कोणी अडलं की मागून हात घालून माउस घ्यायचा आणि गाडी पुढे काढायची. एकदा एका काकूंनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्हाला येतंच आहे हो. मला कधी येणार?" त्या दिवसापासून मी वर्गात दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरते. अशा वर्गाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. यातलं काही पाळलं नाही तरी चालेल, पण शिकवणाऱ्याला माउस तेवढा देऊ नका.

नाव घालण्याआधी

अभ्यासक्रमांची नावं फसवी असतात. 'बेसिक' या एका शब्दाखाली एखाद्या ठिकाणी माउस धरण्यापासून सुरुवात होते, तर दुसरीकडे तिसऱ्याच दिवशी एक्सेलची सूत्रं चालू होतात. नावावर जाऊ नका. पहिल्या दोन तासांत काय करून घेता, असं सरळ विचारा. जमल्यास एखादा तास मागच्या बाकावर बसून बघण्याची परवानगी मागा. बहुतेक केंद्रं नाही म्हणत नाहीत.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र कॉम्प्युटर मिळणार का. दोघांत एक असेल तर ज्याला थोडंफार येतं तो चालवतो आणि दुसरा मान डोलावत बघत राहतो. घरच्यासारखंच झालं मग ते. दुसरी चौकशी सरावाची: वर्गाची वेळ सोडून येऊन बसता येतं का, आणि एखादा आठवडा बुडला तर तो भाग पुन्हा कधी मिळतो. हाच वर्ग दुसऱ्यांदा केला तर चालेल का, हेही लाजायचं कारण नाही, विचारून ठेवा. माझ्याकडचे पक्के झालेले विद्यार्थी बहुतेक सगळे दोनदा बसलेले आहेत.

घरी कॉम्प्युटर असेल तर तो कोणता आहे ते बघून जा. वर्गात विंडोज ११ असेल आणि घरी जुनं विंडोज, तर वर्गात स्टार्टचं बटण खाली मधोमध दिसतं आणि घरी डाव्या कोपऱ्यात. माणूस घरी येऊन ते शोधत बसतो आणि आपल्यालाच जमत नाही असं समजतो. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे तसं मशीन असेल तर पुढे काय करायचं ते वर्गातच विचारा. दुकानात जाऊन नवं घेण्याची घाई नको.

आणि घरी फक्त स्मार्टफोनच असेल, पुढेही तोच वापरायचा असेल, तर कॉम्प्युटरच्या वर्गाचा हट्ट कशाला? बऱ्याच केंद्रांत फोनचा वेगळा वर्ग असतो. तो कमी दर्जाचा नसतो. तुमची कामं फोनवर होत असतील तर तोच तुमचा कॉम्प्युटर.

एक काम सोबत घेऊन जा

"कॉम्प्युटर शिकायचाय" हे काही काम नाही. "बहिणीला फोटो पाठवायचेत" हे काम. "नोकरीसाठी माहितीपत्रक, म्हणजे बायोडेटा, टाइप करायचंय", "संस्थेच्या सभासदांची यादी नीट करायचीय", "परदेशातल्या मुलीशी व्हिडिओवर बोलायचंय", असं एक काहीतरी मनाशी धरा आणि पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याला सांगा. शिकवणाऱ्याचा त्यात फायदाच असतो. मग फोल्डर शिकवताना मी तुमच्याच फोटोंचं फोल्डर करायला लावते आणि ते तुमच्या लक्षात राहतं. उगाच 'नवीन फोल्डर १' कोणाच्याही लक्षात राहत नाही.

सोबत वही, पेन आणि चार्ज केलेला फोन हवा. ई-मेलचं खातं उघडताना किंवा त्यात शिरताना फोनवर ओटीपी येतो आणि फोन घरी राहिला असेल तर त्या दिवसाचा तास तिथेच संपतो. आधीचं ई-मेल असेल तर त्याचा पत्ता आणि पासवर्ड घरीच शोधून ठेवा. "तो मुलाला माहीत आहे" हे उत्तर मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं.

चष्म्याचं कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि पडदा साधारण हातभर लांब असतो. दुभागी चष्मा असलेली माणसं खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करून बसतात आणि अर्ध्या तासात मान धरते. पडदा थोडा खाली घ्यायला किंवा मागे झुकवायला सांगा. अक्षरं बारीक वाटली तर ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्यातून इंटरनेट बघतो त्या प्रोग्राममध्ये, कंट्रोल दाबून ठेवून अधिकचं चिन्ह दाबा, पान मोठं होतं. उणे दाबलं की लहान, शून्य दाबलं की होतं तसं. पहिल्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत एवढं करून घ्या. डोळे बारीक करून शिकण्यात काही मोठेपणा नाही.

माउस

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मी माणसं इथेच हिरमुसतात.

डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माउस पहिल्यांदा लोकांसमोर चालवून दाखवला, तेव्हा समोर बसलेल्या कॉम्प्युटरच्या जाणकारांनाही ती वस्तू नवीच होती. तेव्हा तुम्हाला ती अवघड वाटली तर त्यात वावगं काही नाही. हात सरकतो टेबलावर, नजर असते पडद्यावर, आणि दोन्हीचा मेळ मेंदूने घालायचा. त्याला थोडे दिवस लागतात.

तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेबलाला टेकवा. मनगट हवेत नको. तर्जनी डाव्या बटणावर नुसती ठेवलेली हवी, दाबलेली नाही. माउस सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत पोचलात तर तो उचलायचा, मध्ये आणून ठेवायचा आणि पुन्हा सरकवायचा. उचललेला असताना बाण हलत नाही, जागच्या जागी थांबतो. ही एवढीशी गोष्ट माहीत नसल्यामुळे एक काका टेबल सोडून भिंतीपर्यंत माउस घेऊन गेले होते. हसू नका, मी स्वतः पाहिलंय.

मग येतो डबल क्लिक. माझ्याकडे एक गृहस्थ होते, हात कसलेला, बोटं जाड. फाइल उघडायला ते दोनदा दाबायचे आणि दर वेळी फाइलचं नाव निळं होऊन त्यात रेघ लुकलुकायला लागायची. त्यांना वाटे, मशीन बिघडलं. मी शेजारी खुर्ची घेऊन फक्त त्यांचा हात बघत बसले. दोन दाबण्यांच्या मध्ये ते क्षणभर थांबत होते. कॉम्प्युटरला ते 'उघड' असं वाटतच नव्हतं, 'नाव बदल' असं वाटत होतं. काही जणांचा माउस दोन दाबण्यांच्या मध्ये तीळभर सरकतो आणि मग फाइल उघडण्याऐवजी ओढली जाते. यावर दोन उपाय आहेत. सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, तो करून मागा. त्याहून सोपं म्हणजे विंडोजवर फाइलवर एकदाच क्लिक करायचं आणि कीबोर्डवरचं एंटर दाबायचं. फाइल उघडते. त्या गृहस्थांनी पुढे जन्मात डबल क्लिक केलं नसेल आणि त्यांचं काहीही अडलेलं नाही.

एकदा की दोनदा, हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. मोटामोटी असं धरा: फाइल आणि फोल्डर उघडायला दोनदा, बाकी सगळीकडे, म्हणजे वेबपानावरची लिंक, मेनू, बटणं, एकदाच. सगळीकडे दोनदा दाबायची सवय लागली तर एखादा अर्ज दोनदा जातो. उजवं बटण दाबलं की त्या वस्तूचं काय काय करता येईल याची यादी उघडते. नको असेल तर एस्केप दाबा. डावखुरे असाल तर दोन्ही बटणांची अदलाबदल सेटिंगमधून होते, हे सांगायला बऱ्याच ठिकाणी विसरतात.

सराव कसला करायचा? पत्ते खेळा. सॉलिटेअर विंडोजमध्ये १९९० पासून आला, आणि माउसने वस्तू धरून ओढायची लोकांना सवय व्हावी हाही त्यामागचा एक हेतू होता असं सांगतात. एक पान धरून दुसऱ्यावर नेऊन सोडलंत की फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात न्यायला शिकलातच. घरी कोणी म्हणालं, "खेळत काय बसलीस," तर सांगा, गृहपाठ करतेय.

कीबोर्ड आणि मराठी

टाइपरायटर चालवलेल्यांना कळा जोरात दाबायची सवय असते आणि नव्यांना जपून, दाबून धरायची. दोघांचाही 'क' पडद्यावर 'कककककक' असा उमटतो. कळ धरून ठेवली की अक्षर पुन्हा पुन्हा येतं. तापलेल्या तव्याला चुकून बोट लागल्यावर जसं उचलतो, तेवढाच स्पर्श हवा. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो, तो तर्जनींसाठी. न बघता हात जागेवर येतो. पासवर्ड बरोबर असूनही चालत नसेल तर आधी कॅप्स लॉक चालू आहे का बघा.

मराठी टाइपिंग शिकवतात का, हे वर्गात नक्की विचारा. दोन रस्ते आहेत. एक उच्चारावरून, म्हणजे रोमन अक्षरांत लिहायचं आणि कॉम्प्युटर देवनागरी करून देतो. अधूनमधून चार ओळी लिहिणाऱ्याला तो पुरे. दुसरा इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरांना थेट कळा ठरवून दिलेली मांडणी. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. पहिला आठवडा वैतागाचा जातो, पण रोज लिहायचं असेल तर मी इनस्क्रिप्टच सुचवते. त्यात ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि टाइप करायची नंतर: 'कि' लिहायचं तर आधी क, मग वेलांटी. आपण बोलतो त्याच क्रमाने. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त, म्हणजे डी ची कळ.

जुन्या फॉन्टांमध्ये टाइप केलेलं काही घरी असेल तर ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडताच रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी झाल्यासारखं दिसेल. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची नुसती चित्रं बसवलेली होती. फॉन्ट नसला की चित्र गेलं आणि खालची अक्षरं उघडी पडली. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या १९९१ पासूनच्या व्यवस्थेत, 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे तो सगळीकडे 'क'च दिसतो. जे काही शिकाल ते युनिकोडमधलं शिका.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: कंट्रोल दाबून ठेवून झेड. शेवटचं केलेलं मागे घेतलं जातं. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचं. सगळा मजकूर पुसला गेला, परिच्छेद भलतीकडे गेला, अक्षरं अचानक एवढी मोठी झाली, काहीही असो, आधी हे. भीती निम्म्याने कमी होते, असा माझा अनुभव आहे. सगळंच मात्र मागे येत नाही. पाठवलेलं ई-मेल गेलं ते गेलं. जीमेलमध्ये तेवढी ५ ते ३० सेकंदांची सवड ठेवता येते.

फाइल गेली कुठे

सेव्ह करताना कॉम्प्युटर दोन गोष्टी विचारतो, नाव काय आणि ठेवू कुठे. माणसं पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसरं न वाचता एंटर दाबतात. मग "काल केलेलं पत्र नाहीसं झालं." ते असतंच, डॉक्युमेंट्समध्ये नाहीतर डाउनलोड्समध्ये पडलेलं असतं. नेटवरून उतरवलेलं जवळजवळ सगळं डाउनलोड्समध्येच सापडतं, आधी तिथे बघा. नाव देताना 'पत्र', 'पत्र नवीन', 'पत्र नवीन शेवटचं' असं करू नका. विषय आणि तारीख घाला.

एक धोका केंद्रांचाच म्हणून आहे. सगळ्यांनी वापरायचे कॉम्प्युटर काही ठिकाणी असे लावलेले असतात की बंद करून चालू केले की पहिल्यासारखे कोरे होतात. दोन तास खपून केलेलं माहितीपत्रक डेस्कटॉपवर ठेवून जाल आणि उद्या तिथे काहीच नसेल. आमच्याकडे एका ताईंचं असं झालं आणि तेव्हा चूक माझी होती, मी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशीच विचारा: इथे ठेवलेलं राहतं का? नाहीतर रोज उठण्याआधी फाइल स्वतःच्याच ई-मेलवर पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह काढताना आधी 'इजेक्ट' करा, म्हणजे काढतोय असं कॉम्प्युटरला सांगा. लिहिणं चालू असताना उपटला तर फाइल खराब होऊ शकते.

इंटरनेट, ई-मेल आणि पासवर्ड

वरची पत्त्याची पट्टी आणि शोधाची चौकट यांतला फरक करून घ्या. पत्ता पक्का माहीत असेल तर तो पट्टीतच पूर्ण टाइप करा. शोधलंत तर वरचे पहिले एकदोन निकाल बरेचदा जाहिरातीचे असतात. बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा.

केंद्रातल्या मशीनवर ब्राउझरने "पासवर्ड जपून ठेवू का?" असं विचारलं तर उत्तर नाही. काम झालं की नुसती खिडकी बंद करून उठू नका, साइन आउट करा, म्हणजे खात्यातून बाहेर पडा. ब्राउझरच्या खाजगी (इनकॉग्निटो) खिडकीत काम केलंत तर आणखी बरं, ती बंद झाली की काय काय बघितलं त्याची नोंद ब्राउझरमध्ये राहत नाही. उतरवलेल्या फाइली मात्र राहतात.

पासवर्ड लांब हवा. चार असंबद्ध शब्द एकापुढे एक लावले तर लक्षातही राहतात आणि ओळखायलाही कठीण जातात. दर तीन महिन्यांनी बदला, असं अजूनही शिकवतात. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. एकच पासवर्ड सगळीकडे वापरणं त्याहून वाईट. लक्षात राहत नसतील तर घरातल्या वहीत लिहा. माझ्याबरोबरचे काही शिक्षक यावर नाक मुरडतात. मुरडू देत. घरातली वही चोरायला चोराला घरात यावं लागतं. फक्त ती वही वर्गात आणू नका.

आणि आता माउसकडे परत. पडद्यावर अचानक लाल खिडकी येते, भोंगा वाजतो, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा." फोनवरचा माणूस गोड बोलतो आणि म्हणतो, "एक छोटं ॲप घ्या, मी इथूनच नीट करून देतो." ते ॲप घेतलं की तुमच्या पडद्यावरचा बाण तुम्ही न हलवता हलायला लागतो, म्हणजे तुमचा माउस त्याच्या हातात गेला. खरा व्हायरसचा इशारा कधीच फोन नंबर देत नाही. खिडकी बंद होत नसेल तर कॉम्प्युटर सरळ बंद करा. मशीनला त्याने काही होत नाही. ओटीपी कोणी फोनवर विचारला तर तो कोणीही असो, सांगायचा नाही.

अडलं तर कसं विचारायचं

"चालत नाहीये" एवढं सांगून शिकवणाऱ्याला काही कळत नाही. पडद्यावर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. इंग्रजीत असेल तर अक्षरं वाचा. निम्म्या वेळा वाचता वाचताच उत्तर सापडतं, कारण तिथे "नाव लिहायचं राहिलंय" असंच लिहिलेलं असतं. "मी काही केलं नाही, आपोआप झालं" हे वाक्य वर्गात रोज येतं. आधी काय दाबलं ते आठवून सांगितलंत तर दोघांचाही वेळ वाचतो. कोणी रागावत नाही.

वहीत शिकवणाऱ्याचे शब्द उतरवू नका, तुमचे लिहा. एका मावशींनी 'अटॅचमेंट' समोर लिहिलं होतं, "पेपरक्लिपचं चित्र, पाकिटात फोटो घालणे." त्यांना ती पायरी पुन्हा विचारावी लागली नाही.

घरी रोज वीसच मिनिटं बसा. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा ती कितीतरी कामाची. घरच्यांना सांगून ठेवा, "तू तोंडाने सांग, हात माझा." सुरुवातीला त्यांची चिडचिड होते, त्यांना तोंडाने सांगता येत नसतं. बोटं जातात भराभर, पण कुठे गेली ते त्यांनाही ठाऊक नसतं.

हल्ली काही वर्गांत एआयशी, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेशी, गप्पा मारायच्या ॲपचाही एखादा तास असतो. पत्राचा मसुदा करून घ्यायला आणि न समजलेला इशारा समजावून घ्यायला ते बरं पडतं. औषधं, पैसे, कायदा यांबाबत त्याचं उत्तर दुसरीकडे तपासल्याशिवाय वापरू नका, आणि पासवर्ड किंवा ओळखपत्राचे क्रमांक त्यात लिहू नका.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राच्या गडबडीत तीन गोष्टी राहतात. केंद्राच्या मशीनवरच्या तुमच्या फाइली घेऊन ठेवा आणि तिथून पुसून टाका. सगळ्या खात्यांतून बाहेर पडलात का, ते शिकवणाऱ्याला शेजारी उभं करून, पण स्वतः बघा. आणि सरावाच्या खुल्या वेळा कागदावर लिहून घ्या, कारण खरे प्रश्न वर्ग संपल्यावर दोन आठवड्यांनी घरी सुचतात.